वूच शहराची ऑनलाइन सहल : सही कोणाची, इमारत कोणाची?

फोंड्यातील आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने गेल्या श्रावणातल्या एका रविवारी, बाहेर पाऊस कोसळत असताना, सभागृहाच्या पडद्यावर पोलंडमधील वूच या शहराची सहल केली. आधी चित्रित करून ठेवलेली फीत आम्हांला दाखवली गेली नाही. तिथली एक मार्गदर्शक बाई हातात मोबाइल धरून खरोखरच रस्त्यावरून चालत होती, आम्ही इथे खुर्च्यांवर बसून तिच्या मागोमाग जात होतो आणि डिचोलीची एक तरुणी बाईंचे इंग्रजी बोलणे तिथल्या तिथे मराठीत सांगत होती. आमच्या घड्याळात साडेपाच वाजले होते तेव्हा तिकडे दुपारचे दोन वाजत होते. ही सेवा पुरवणारी संस्था गोव्यातलीच आहे; पुढे तिच्याबद्दल काही तक्रारी मांडायच्या असल्याने तिचे नाव इथे देत नाही. माणशी 450 रुपये, किमान 20 माणसे, दोन तासांचा कार्यक्रम आणि प्रत्येकाला आठ पानांची एक पुस्तिका, असा व्यवहार ठरला होता.

संस्थेच्या यादीत प्राग, लिस्बन, व्हेनिस अशी सगळ्यांना ठाऊक असलेली शहरे होती आणि मंडळातल्या बहुतेकांचा कल अर्थातच लिस्बनकडे होता. वूचचा आग्रह माझा होता, कारण त्या सहलीचा विषय हिलारी मायेव्स्की हा एकोणिसाव्या शतकातला वास्तुविशारद होता आणि तो शहराच्या नोकरीत होता, म्हणजे नगर वास्तुविशारद होता. मी स्वतः 31 वर्षे गोव्यातल्या नगरपालिकांच्या तांत्रिक विभागात काढली आहेत. नकाशे तपासायचे, हद्दीपासूनचे अंतर मोजायचे, जागेवर जाऊन पाहणी करायची, फायलीवर शेरा लिहायचा आणि खाली सही करायची, हेच माझे आयुष्य. राजवाडे बांधणाऱ्या मोठ्या वास्तुविशारदांची चरित्रे पुष्कळ लिहिली जातात, पण परवान्याच्या टेबलामागे बसलेल्या माणसाच्या नावाने कोणी सहल काढतो, हे मला पहिल्यांदाच दिसले.

सुरुवात नावाच्या उच्चारापासून झाली. आपल्याकडच्या भूगोलाच्या पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत हे शहर बहुधा लॉड्झ असे छापतात. बाईंनी ते नाव तीनदा उच्चारून दाखवले आणि आम्ही शाळकरी मुलांसारखे एकसुरात ‘वूच’ म्हणालो. या शब्दाचा अर्थ होडी. शहराच्या बोधचिन्हावरही होडीच आहे, मात्र होडी चालवावी अशी नदी त्या शहरात नाही. जे लहानसहान ओढे होते त्यांचे पाणी आधी गिरण्यांनी वापरले आणि पुढे त्यांतले बरेचसे जमिनीखालच्या मोऱ्यांत बंदिस्त झाले. मांडवी आणि जुवारी यांच्यामध्ये जन्म काढलेल्या आमच्या मंडळींना हे ऐकून भारी गंमत वाटली, आणि सभागृहातले अवघडलेपण तिथेच संपले. पहिल्या दहा मिनिटांत श्रोत्यांना आपलेसे करण्याचे हे कसब बाईंकडे चांगले आहे.

त्यानंतरचा इतिहासाचा भाग मात्र बाईंनी घाईघाईने उरकला, म्हणून तो थोडा माझ्याच शब्दांत सांगतो. 1820 च्या सुमारास वूच हे हजारभरसुद्धा वस्ती नसलेले गाव होते. 1900 पर्यंत ते तीन लाखांच्या वरचे गिरण्यांचे शहर झाले. तेव्हा पोलंड स्वतंत्र देश नव्हता आणि हा भाग रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला पोलंडचा हा भाग आणि रशिया यांच्यामधली जकातीची भिंत निघाली आणि वूचच्या कापडाला अवाढव्य रशियन बाजारपेठ मोकळी झाली. 1864 मध्ये शेतकरी वेठबिगारीतून सुटले आणि गिरण्यांना हातही मिळाले. दरम्यान 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाची आवक आटली, तेव्हा हातमागावर जगणारे तिथले असंख्य विणकर उद्ध्वस्त झाले. कारोल शायब्लर या कारखानदाराने मात्र आधीच कापूस साठवून ठेवलेला असल्याने तो त्याच काळात गब्बर झाला. नेमक्या याच वर्षांत आपल्या मुंबईत कापसाच्या निर्यातीतून सोन्याचा पाऊस पडत होता. जगाच्या एका टोकाला लागलेल्या युद्धाने एका शहरात चूल विझावी आणि दुसऱ्यात शेअरबाजार पेटावा, ही गोष्ट मराठी श्रोत्यांना सांगितली असती तर त्यांच्या मनात वूच पक्के बसले असते. संस्थेने सहल मराठीत आणली आहे, पण ती अजून मराठी श्रोत्यांसाठी रचलेली नाही.

आता मायेव्स्की. 1838 मध्ये रादोम या गावी जन्मलेला हा माणूस सेंट पीटर्सबर्गच्या शाही कला अकादमीत शिकला आणि 1872 मध्ये वूचचा नगर वास्तुविशारद झाला. 1892 मध्ये वूचमध्येच त्याचा मृत्यू झाला, तोवर म्हणजे पुरी वीस वर्षे तो त्या खुर्चीवर होता. शहर ज्या वेगाने वाढत होते तो पाहता ही वीस वर्षे म्हणजे रात्रंदिवस फायलींचा ढीग असणार. रशियाविरुद्धचे 1863 चे पोलिश बंड मोडल्यानंतर सरकारी कामकाज रशियन भाषेत चालू लागले होते आणि शहराच्या पातळीवर तपासलेले नकाशे पुढे प्योत्र्कूफ या प्रांताच्या मुख्य ठिकाणी मंजुरीला जात. दुभाषी तरुणीने हे सांगताच माझ्या शेजारी बसलेले, माझ्यासारखेच सेवानिवृत्त झालेले एक स्नेही माझ्या कानाशी लागून म्हणाले, “म्हणजे आपलेच, नगरपालिका आणि वर टीसीपी.” (टीसीपी म्हणजे गोव्याचे नगर व ग्राम नियोजन खाते.) आम्ही नोकरीला लागलो तेव्हा कपाटात पोर्तुगीज भाषेतल्या जुन्या फायलींचे गठ्ठे होते आणि त्या वाचून दाखवणारा एकच वृद्ध कारकून होता, त्यामुळे परक्या सत्तेच्या भाषेत आपल्याच गावाचे नकाशे काढणे म्हणजे काय, हे आम्हांला वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

पुस्तिकेत मात्र पहिल्याच पानावर लिहिले आहे की मायेव्स्कीने शेकडो इमारती उभारून एकट्याने हे शहर घडवले. हे वाक्य वाचून मी थबकलो. वीस वर्षांत शेकडो इमारती स्वतःच्या हाताने आखणे, त्याही कचेरीचे काम सांभाळून, हे माणसाच्या आवाक्यातले नाही. माझ्या सहीने मंजूर झालेली घरे मोजायला बसलो तर अर्धेअधिक गाव मीच बांधले असे म्हणावे लागेल. पण त्यांतल्या एकाही घराचा जिना कुठे असावा हे मी ठरवलेले नाही, तो ठरलेल्या मापापेक्षा अरुंद नाही ना एवढेच मी पाहिले. म्हणून प्रश्नोत्तरांची वेळ येण्याआधीच मी दुभाषी मुलीला म्हटले, “बाय, त्यांना एवढे विचार, नकाशावर ह्या माणसाची सही आहे म्हणून इमारत त्याची म्हणतात, की ती त्याने काढली आहे?”

या सेवेबद्दल माझे मत चांगले झाले ते बाईंच्या उत्तरामुळे. त्या चालता चालता थांबल्या, मोबाइल स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवला आणि म्हणाल्या की हाच प्रश्न तिथल्या अभ्यासकांनाही पडतो. नगर वास्तुविशारद या नात्याने त्याच्या हाताखालून नकाशे जात, त्यामुळे सहीवरून फक्त मंजुरी सिद्ध होते. काही इमारती निश्चित त्याच्या आहेत, काही त्याच्या नावावर सांगितल्या जातात, आणि काहींवर नुसतीच सही आहे. त्यानंतर प्रत्येक इमारतीसमोर उभे राहून ती यांपैकी कशात मोडते हे त्यांनी आठवणीने सांगितले. पुस्तिका लिहिणाऱ्याने बाईंशी अर्धा तास बोलून घेतले असते तरी ती अशी भाबडी झाली नसती.

याच उत्तरात एक गोष्ट अशी निघाली की आम्हां दोघा माजी नोकरदारांना हसू आवरेना. मायेव्स्की शहराच्या नोकरीत असतानाच शहरातल्या बड्या कारखानदारांची खासगी कामेही घेत असे. परवाना मागणाऱ्याचा आराखडा काढणारा आणि परवान्याच्या बाजूने बसणारा माणूस एकच. त्या काळच्या व्यवस्थेत हे चालत होते. आमच्या काळी असे झाले असते तर दुसऱ्या आठवड्यात दक्षता खात्याचे पत्र हातात पडले असते. पण त्याचा एक परिणाम असाही झाला की कचेरी, गिरणी, मालकाचा वाडा, भाड्याची घरे आणि प्रार्थनामंदिर या सगळ्यांवरून एकाच डोळ्याची नजर फिरली. पियोत्र्कोव्स्का या चार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या सरळसोट रस्त्यावर आज जी एक सलगता दिसते, तिचा थोडा तरी संबंध याच्याशी असावा, असे मला वाटते.

त्या रस्त्यावर पहिला मुक्काम युलियुश हाइन्झेल या लोकरीच्या कारखानदाराच्या 104 क्रमांकाच्या वाड्यासमोर होता. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीचा हा वाडा निःसंशय मायेव्स्कीचा. बाहेरून इटालियन प्रबोधनकाळाची आठवण करून देणारा, खिडक्यांच्या ओळी मोजूनमापून बसवलेल्या, दिमाखदार पण अंगावर न येणारा. आज त्यात सरकारी कचेऱ्या आहेत. पुढे 72 क्रमांकाला ग्रँड हॉटेल. लुडविक मायर या कारखानदाराने आपल्या कारखान्याच्या इमारतीचे मायेव्स्कीच्या आराखड्यानुसार हॉटेल करून घेतले आणि ते 1888 मध्ये सुरू झाले. गिरणीचे हॉटेल करणे ही कल्पना आपल्याला आजची वाटते, पण वूचमध्ये ती एकोणिसाव्या शतकातच राबवली गेली होती. याच मायरसाठी मायेव्स्कीने शेजारच्या गल्लीत बंगल्यांची एक ओळही आखली. तिथे मात्र आम्ही दोन मिनिटेसुद्धा थांबलो नाही.

रेल्वे स्थानकाजवळचे अलेक्झांडर नेव्हस्की यांच्या नावाचे ऑर्थोडॉक्स चर्च हा माझ्या दृष्टीने संध्याकाळचा सर्वांत चांगला भाग होता. 1879 मध्ये झार दुसरा अलेक्झांडर प्राणघातक हल्ल्यातून बचावला, त्या निमित्ताने ते बांधायचे ठरले आणि 1884 मध्ये पूर्ण झाले. पैसे देणाऱ्यांत शायब्लर हा प्रॉटेस्टंट जर्मन, इझ्राएल पोझनान्स्की हा ज्यू आणि हाइन्झेल हा कॅथलिक, असे शहरातले सगळे धनिक होते. ज्याचा माल रशियाच्या बाजारात खपतो त्याला झारच्या धर्माचे मंदिर बांधायला वर्गणी द्यावीशी वाटणे स्वाभाविकच आहे. आमच्या मंडळातल्या एका काकींनी लगेच विचारले की ही भक्ती की व्यवहार? बाई म्हणाल्या की वूचमध्ये हे दोन शब्द वेगळे करणे कठीण आहे. वेगवेगळ्या धर्मांचे लोक एकमेकांच्या देवळांना आणि चर्चना हातभार लावतात हे गोव्यात नवीन नाही, त्यामुळे यावर सभागृहात पाच मिनिटे आमची आपापसात चर्चा रंगली आणि बिचाऱ्या बाई तिकडे घुमटाखाली मोबाइल धरून उभ्या राहिल्या.

त्यानंतर पोझनान्स्कीची गिरणी. सुमारे 27 हेक्टरांवर पसरलेल्या या आवाराचे 2006 मध्ये मानुफाक्तुरा नावाच्या बाजारसंकुलात रूपांतर झाले आणि 1870 च्या दशकातल्या मुख्य सूतगिरणीत 2009 पासून हॉटेल आहे. बाईंनी मोबाइल भिंतीपासून एका वितीवर नेला. गिलावा न केलेली लाल वीट, मधला सांधा करंगळीपेक्षा अरुंद, काही विटांच्या कडा झिजून गोल झालेल्या, आणि खिडकीच्या डोक्यावर विटांचीच उथळ कमान. आपला चिरा खडबडीत आणि सच्छिद्र असतो, पावसात तो पाणी पितो, म्हणून आपल्या जुन्या घरांना चुन्याचा गिलावा लागतो. इथे वीट इतकी एकसारखी भाजलेली की तिला उघडे ठेवण्यातच शोभा. दुभाषी मुलीने ‘अनप्लास्टर्ड’ला क्षणभरही न अडखळता ‘गिलावा न केलेली’ म्हटले, याची नोंद मी मुद्दाम करतो. गिरणीच्या कोपऱ्यांवरचे किल्ल्यासारखे बुरूज पाहून आमच्यातल्या एकांनी इथे तोफा होत्या का असे विचारले. त्या बुरुजांत जिने होते, आणि वर आगीच्या बंदोबस्तासाठी पाण्याची टाकी. कापसाच्या धुळीला ठिणगी पुरते, म्हणून जिना कामाच्या दालनाबाहेर काढायचा, लाकडी तक्तपोशीऐवजी लोखंडी तुळयांमध्ये विटांच्या कमानी भरायच्या, ज्यांना आम्ही जॅक आर्च म्हणतो, आणि खाली ओतीव लोखंडाचे खांब द्यायचे. अशी ही आगीच्या भीतीतून घडलेली वास्तू आहे. छपरावरच्या त्या जुन्या टाकीच्या जागी आता हॉटेलचा पोहण्याचा तलाव आहे.

गिरणीला लागूनच पोझनान्स्कीचा राजवाडा. कोणत्या शैलीत बांधू असे विचारल्यावर मालकाने मला सगळ्याच शैली परवडतात असे उत्तर दिले, ही दंतकथा तिथला प्रत्येक वाटाड्या सांगतो आणि आमच्या बाईंनीही ती सांगितली. राजवाडा पाहिल्यावर ती खोटी असली तरी खरी वाटते. इथे मायेव्स्कीचा हात लागला, पण पुढे अडोल्फ झेलिग्सन आणि आणखी काही जणांनी त्यात भर घातली आणि मायेव्स्की गेल्यावरही तो वाढतच राहिला. त्यामुळे पुस्तिकेने हा राजवाडा सरसकट त्याच्या खात्यावर टाकणे चूक आहे. आत शहराचे संग्रहालय आहे. आम्हांला ते बाहेरूनच पाहावे लागले, कारण आत चित्रण करण्याची परवानगी संस्थेने वेळेत मागितलीच नव्हती. जाहिरातीत राजवाड्याच्या दिवाणखान्याचे छायाचित्र छापून तो दाखवायचा नाही, याला माझ्या मते सरळ शब्दांत फसवणूक म्हणतात, आणि मी तसे संस्थेला लेखी कळवले आहे.

रस्त्याच्या पलीकडे कामगारांच्या राहण्याच्या तीन मजली विटांच्या इमारती आहेत. तिथे त्यांना ‘फामुवा’ म्हणतात. दुभाषी मुलीने क्षणभर विचार केला आणि ‘चाळ’ हा शब्द वापरला. सभागृहातल्या प्रत्येकाला एका शब्दात सारे कळले. माझे मामा पेडण्याहून मुंबईला जाऊन गिरणीत लागले आणि लालबागला एका खोलीत सात जण राहत. मालकाच्या राजवाड्याच्या खिडकीतून कामगारांच्या खिडक्या दिसाव्यात आणि कामगारांच्या खिडक्यांतून राजवाडा, अशी रचना मात्र मामांच्या वाट्याला आली नव्हती. शायब्लरच्या क्शेंझी म्विन या वसाहतीत हेच जरा सुखावह रूपात दिसते. गोट्यांसारख्या दगडांचा रस्ता, दुतर्फा झाडे, विटांची बैठी वाटावीत अशी दुमजली घरे रांगांनी, आणि रस्त्याच्या टोकाला नेमकी शाळा. शेजारची 207 मीटर लांबीची सूतगिरणी 1870 च्या दशकाच्या सुरुवातीची आणि आता तिच्यात राहण्याचे गाळे आहेत. तिच्याशीही मायेव्स्कीचे नाव जोडले जाते. पण तिचे काम सुरू झाले तेव्हा तो अजून नोकरीवर रुजूही झाला नव्हता, हे बाईंनी आपणहून सांगितले.

एवढे सगळे पाहिल्यावर माझ्यातल्या नगरपालिकेच्या माणसाने जे शोधले ते कुठेच आले नाही. या लाखोंच्या शहराला मायेव्स्कीच्या हयातीत भुयारी गटारे नव्हती. त्यांची योजना विल्यम लिंडली या अभियंत्याने 1909 मध्ये तयार केली आणि प्रत्यक्ष काम 1920 च्या दशकात सुरू झाले. राजवाड्याच्या दर्शनी भागावर नक्षी आणि मागच्या गटारात सांडपाणी, हे चित्र दाखवल्याशिवाय नगर वास्तुविशारदाचे मूल्यमापन होत नाही, मग दोष त्याचा असो वा तिजोरीचा. शहराच्या मुख्य चौकाखाली गटारे धुण्यासाठी बांधलेली, विटांच्या लंबगोल बोगद्यासारखी 1926 ची पाण्याची टाकी आहे आणि ती आज पाहायला खुली आहे. त्याऐवजी आम्हांला मानुफाक्तुरामधल्या खाण्याच्या दुकानांत दहा मिनिटे फिरवले. सेप्टिक टँक आणि सोकपिट यांवर आयुष्यभर भांडलेल्या माणसांच्या सभागृहात कोणती दहा मिनिटे जास्त रंगली असती, हे सांगायला नको.

तांत्रिक बाजूही सांगायला हवी. पहिला पाऊण तास चित्र स्वच्छ होते. नंतर फोंड्यातली वीज दोनदा गेली, त्यात संस्थेचा दोष नाही, पण इन्व्हर्टरवर चालेल असा राउटर बरोबर आणणे त्यांना जमायला हवे होते. पुस्तिकेत शहराचे नाव तीन ठिकाणी लॉड्झ आणि दोन ठिकाणी वूच असे छापले आहे, आणि नकाशा इतका बारीक की भिंगाशिवाय वाचता येत नाही. शेवटी ठेवलेली प्रश्नमंजूषा तर कोणीच गंभीरपणे घेतली नाही. दुभाषी मुलीला मात्र पैकीच्या पैकी गुण. तिला किती मानधन मिळते ठाऊक नाही, पण ही सेवा तिच्यामुळेच उभी आहे. पाच ताऱ्यांपैकी किती असे विचारलेच, तर बाईंना आणि मुलीला साडेचार आणि संस्थेला अडीच.

सहलीचा शेवट व्वुकियेन्निचा नावाच्या गल्लीतल्या 11 क्रमांकाच्या घरासमोर झाला. मायेव्स्कीने हे घर स्वतःसाठी बांधले, आणि तेही अगदी अखेरच्या काळात. ही गल्ली मधल्या काळात बदनाम होती, आता नूतनीकरणाने तिचा चेहरा बदलला आहे. बाईंनी घर डोळे भरून दाखवले, पण मला तिथे एकच विचारायचे होते आणि नेमका तेव्हाच आवाज तुटला: या घराच्या नकाशावर मंजुरीची सही कोणाची?

संस्थेच्या यादीत याच विषयावर आणखी एक सत्र आहे, ज्यात त्या काळचे मूळ नकाशे पडद्यावर दाखवतात. त्याला माणशी 300 रुपये आणि किमान दहा माणसे लागतात. आमची आठ नावे झाली आहेत. चवथ आटोपली की उरलेली दोन मिळवू, आणि नोंदणीच्या अर्जात मी आधीच लिहून ठेवले आहे की नकाशा भराभर पुढे सरकवू नये. खालचा उजवा कोपरा मोठा करून निदान पाच मिनिटे पडद्यावर ठेवावा.